८ आणि ४३ : जुन्या जीपच्या मागच्या एक्सलमधल्या जोडीचं गणित

सुटा भाग म्हणजे काय, याची आपल्या डोक्यातली व्याख्या सोपी असते. एक खराब झाला की तसाच दुसरा आणायचा आणि बसवायचा. नट, बोल्ट, बेअरिंग, प्लग, सगळ्यांना हे लागू पडतं. पण गाडीच्या मागच्या एक्सलमध्ये दोन भाग असे आहेत, ज्यांना ही व्याख्या चालत नाही. त्यातला एकेक वेगळा मिळतो, वेगळा बसवताही येतो, आणि तरी तो एकटा म्हणजे अर्धीच वस्तू असते. क्राऊन आणि पिनियन.

माझ्या पीएचडीचा विषय घर्षण आणि झीज. पोलादी चकतीवर पोलादी पिन तासन्‌तास घासत ठेवायची आणि किती मायक्रॉन गेले ते मोजायचं, असा आमचा संसार. गेले दोन महिने मात्र हाच विषय प्रयोगशाळेबाहेर, एका ओळखीच्या काकांच्या जुन्या जीपमध्ये बघायला मिळाला. जीप १९५० च्या दशकातली, काकांच्या वडिलांनी घेतलेली. मागचा एक्सल काही वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुरुस्तीत तीन गाड्यांच्या भागांतून उभा राहिलेला : हौसिंग आणि डावीकडचा शाफ्ट मूळचा, क्राऊन भंगारात निघालेल्या एका जीपचा, पिनियन दुसऱ्या जीपचा, उजवा हाफ शाफ्ट तिसरीचा. चाळीसच्या वर गेलं की मागून घरघर. आता ती जीप काकांची मुलगी गावी नेणार आहे आणि तिथे ती घाटात नियमित चालणार आहे. त्यामुळे “जुनी गाडी, थोडा आवाज करणारच” एवढ्यावर सोडून देणं शक्य नव्हतं.

काकांचा मुद्दा बिनतोड वाटावा असा होता. दोन्ही भाग ओरिजिनल आहेत, क्राऊनला ४३ दाते आहेत, पिनियनला ८ आहेत, पुस्तकातही तेच आकडे आहेत, मग चुकलं कुठे?

हा मुद्दा जीपच्या बाबतीत जास्तच पटतो, कारण जीप जन्मालाच आली ती भाग अदलाबदल करता यावेत म्हणून. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच नमुन्याच्या सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. आघाडीवर एकीचा भाग काढून दुसरीला लावता आला पाहिजे, ही लष्कराची अट. फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, ‘एफ’ हे अक्षर उठवलं, आणि आजचे शौकीन ते अक्षर भिंग लावून शोधतात. भारतात १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्राने मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. तेव्हापासून “जीपचं जीपला लागतं” हे आपल्याकडे गॅरेजमधलं जवळजवळ सुभाषित झालं आहे. बहुतेक भागांबाबत ते खरंही आहे.

क्राऊन-पिनियनपाशी मात्र ते अडतं. का, ते बघू.

इंजिनातून येणारा प्रॉपेलर शाफ्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने फिरतो आणि चाकं फिरतात त्याला काटकोनात. हे वळण घेण्याचं काम पिनियन आणि क्राऊन करतात. त्यासोबत वेग कमी करून जोर वाढवण्याचंही : ८ दात्यांचा पिनियन साधारण ५.३७ वेळा फिरला की ४३ दात्यांचा क्राऊन एकदा फिरतो. जीपमधली ही जोडी हायपॉइड प्रकारची असते. म्हणजे पिनियनचा आस क्राऊनच्या आसाला छेदत नाही, त्याच्या खालून जातो. त्यामुळे दाते वळणदार लागतात आणि ते एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. एक्सल ऑइलला जो उग्र वास येतो तो याच घसरण्याची तयारी आहे. त्यात गंधक आणि फॉस्फरसची संयुगं असतात. प्रचंड दाबाखाली ती पोलादाशी रासायनिक क्रिया करून एक पातळ थर तयार करतात आणि धातूवर धातू चिकटू देत नाहीत.

आता असे वळणदार दाते यंत्रावर कितीही नेमके कापले, तरी नंतर ते भट्टीत घालून कडक करावे लागतात, आणि भट्टीतून बाहेर येताना प्रत्येक नग थोडासा वेगळा वाकतो. हे वाकणं डोळ्याला दिसत नाही, पण दात्यांना कळतं. यावर कारखान्यांनी काढलेला जुना उपाय म्हणजे एक क्राऊन आणि एक पिनियन निवडायचा, दोघांना एकत्र फिरवायचं आणि मध्ये बारीक घासणारी पेस्ट सोडायची. या लॅपिंगमध्ये ते एकमेकांना घासून घेतात. मग दोघांवर एकच जोडी क्रमांक कोरतात. पिनियनच्या तोंडावर अधिक किंवा उणे चिन्हासह आणखी एक आकडाही अनेकदा असतो : हा पिनियन ठरलेल्या जागेपासून इंचाचे किती हजारांश पुढे किंवा मागे बसवायचा. म्हणजे जोडी बाजारात येते तेव्हाच तिचं लग्न लागलेलं असतं, आणि कुंडलीही सोबत असते.

काकांच्या एक्सलमधल्या दोघांवरची काजळी रॉकेलने पुसली तेव्हा दोन वेगळे क्रमांक निघाले.

इथपर्यंत ठीक. पण मला जास्त रस आहे पुढच्या भागात, कारण नवी जोडी आणि पन्नास वर्षं एकत्र फिरलेली जोडी यांत अजून एक फरक पडतो, आणि तो आपल्या शाळेतल्या गणिताने समजतो.

८ आणि ४३ या सहमूळ संख्या आहेत. १ सोडून त्यांना सामाईक विभाजक नाही. याचा परिणाम असा की पिनियनचा प्रत्येक दाता क्राऊनच्या प्रत्येक दात्याला केव्हा ना केव्हा भेटतोच. एकूण भेटी ८ गुणिले ४३, म्हणजे ३४४, आणि त्या सगळ्या क्राऊनच्या ८ फेऱ्यांत पूर्ण होतात. समजा दाते ८ आणि ४० असते, तर पिनियनचा एक दाता क्राऊनच्या ठरावीक ५ दात्यांनाच भेटला असता, जन्मभर. एखाद्या दात्यावर ओरखडा असला तर तो त्याच पाच जणांना छळत बसला असता. सहमूळ आकडे घेतल्यामुळे त्रास सगळ्यांत वाटला जातो. गिअर बनवणारे शक्य तिथे असे आकडे निवडतात, ते याचसाठी.

जीपच्या चाकाचा घेर साधारण सव्वादोन मीटर. क्राऊन आणि चाक, सरळ रस्त्यावर, एकाच वेगाने फिरतात. म्हणजे ८ फेऱ्या म्हणजे १८ मीटर. दर १८ मीटरला पिनियनच्या आठही दात्यांची क्राऊनच्या सगळ्या दात्यांशी एकदा गाठ पडते. एक लाख किलोमीटर चाललेल्या जीपमध्ये हे ५५ लाख वेळा झालेलं असतं. इतक्या भेटींनंतर क्राऊनचे ४३ दाते जवळजवळ सारखे झिजतात, आणि ती झीज त्याच्या स्वतःच्या पिनियनच्या आकाराची असते. जुन्या क्राऊनच्या पृष्ठभागावर त्याच्या पिनियनचा साचाच उमटलेला असतो म्हणा ना. त्याच्यासमोर दुसऱ्याच घरात झिजलेला पिनियन आणून ठेवला, तर दोघेही निर्दोष असूनही त्यांचं जमत नाही.

न जमण्याची किंमत किती? दोन वक्र पृष्ठभाग दाबले की त्यांच्यातला दाब किती होतो, याचं गणित हाइनरिश हर्ट्झने १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. तेव्हा तो जेमतेम चोविशीत होता. (माझं वय विचारू नका.) दाते रेषेवर टेकतात असं धरलं, आणि टेकणाऱ्या रेषेची लांबी निम्मी झाली, तर सर्वांत जास्त दाब २ च्या वर्गमूळाइतका, म्हणजे १.४ पट वाढतो. ऐकायला फार नाही. पण पोलादाचा थकवा दाबाबरोबर सरळ वाढत नाही, फार वेगाने चढतो. रोलर बेअरिंगसाठी जे प्रमाणित सूत्र वापरतात, त्यात भार दुप्पट झाला तर आयुष्य साधारण दहाव्या हिश्श्यावर येतं. गिअरचं सूत्र तंतोतंत हेच नाही, पण दिशा हीच. शिवाय या दात्यांची फक्त वरची पातळ कातडी कडक असते, आतलं अंग मऊसर. ती कातडी फुटून खड्डे पडायला लागले की पुढचा प्रवास उताराचा.

हे सगळं कागदावर. प्रत्यक्षात खात्री कशी करायची? त्यासाठी गॅरेजमधली जी पद्धत आहे, ती माझ्या मते आमच्या प्रयोगशाळेतल्या निम्म्या उपकरणांपेक्षा हुशार आहे. शेंदूर घ्यायचा, थोड्या तेलात कालवायचा, क्राऊनच्या पाच-सहा दात्यांना दोन्ही बाजूंनी पातळ लावायचा. लाकडाच्या तुकड्याने क्राऊनला किंचित अडवून धरायचं, म्हणजे थोडा भार येईल, आणि पिनियन दोन्ही दिशांनी फिरवायचा. जिथे दाते टेकले तिथला शेंदूर पुसला जातो आणि एक ठसा उरतो. (खऱ्या शेंदरात शिसं असतं. हातमोजे घाला, आणि तेच हात लावून चहा पिऊ नका.)

ठसा दात्याच्या मध्यभागी, लांबट आणि कडांपासून दूर हवा. तो दात्याच्या मुळाशी गेला तर पिनियन फार आत बसला आहे, शेंड्याकडे सरकला तर फार बाहेर. पिनियनमागची शिम बदलायची. ठसा आडवा सरकून दात्याच्या आतल्या अरुंद टोकाकडे किंवा बाहेरच्या जाड टोकाकडे गेला, तर क्राऊन डावी-उजवीकडे हलवायचा. आमच्याकडे या दोन टोकांना मी चवडा आणि टाच म्हणायला लागले आणि काकांनीही ते उचललं. दात्यांमध्ये फटही ठेवायची असते, साधारण ०.१५ मि.मी., म्हणजे वहीचे दीड कागद. डायल गेज लावून ती मोजायची, अंदाजपंचे नाही.

काकांच्या जोडीचं असं झालं : गाडी ओढतानाची बाजू तिसऱ्या प्रयत्नात छान जमली, ठसा मधोमध. पण उतारावर पाय काढल्यावर दात्यांची जी दुसरी बाजू कामाला येते, तिथला ठसा टाचेच्या काठावर जाऊन बसलेला. शिम बदलून तो मध्ये आणला की पहिली बाजू बिघडायची. तीन संध्याकाळी हेच. अशा वेळी समजायचं की प्रश्न जागेचा नाही, आकाराचा आहे. शिमने जागा बदलते. झिजलेल्या दात्याचा आकार बदलत नाही. आणि घाटात अर्धा वेळ तर याच दुसऱ्या बाजूवर गाडी उतरत असते.

आवाजाबद्दल दोन शब्द, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. ताशी ४० किलोमीटरला जीपचं चाक सेकंदाला साधारण पाच वेळा फिरतं. गुणिले ४३ दाते, म्हणजे २१२ हर्ट्झच्या आसपास गुणगुण. पेटीवर हा सूर काळी चारच्या जवळपास येतो, म्हणजे अनेक गायिकांचा षड्ज. वेग ६० केला की दीडपट होऊन बरोबर पंचम लागतो! गिअर बदलून इंजिनाचा आवाज बदलला, पण वेग तोच ठेवल्यावर ही गुणगुण तशीच राहिली, तर संशय मागच्या एक्सलवर घ्यायला हरकत नाही. त्यातही ती ॲक्सिलरेटर दाबताना वेगळी आणि सोडताना वेगळी असेल, तर क्राऊन-पिनियनवर. काकांच्या जीपची घरघर पाय काढल्यावर वाढायची, आणि शेंदराने नेमकं तेच दाखवलं.

यावर काकांना मिळालेला एक सल्ला म्हणजे जाड ऑइल घाला. दुसरा, ऑइलमध्ये लाकडाचा भुसा टाका. भुशाने आवाज कमी होतो हे खरं आहे, जुनी गाडी विकण्यापूर्वी करायची ती प्रसिद्ध युक्ती आहे. पण भुसा बेअरिंगमध्येही जातो, आणि दाब काही कमी होत नाही. दुखतंय ते ऐकू येणं बंद होतं, एवढंच.

नवी, एकाच क्रमांकाची जोडी घ्यायची ठरल्यावर मी एक गोष्ट आधी करायला सांगितली : पुढच्या एक्सलचं गुणोत्तर मोजा. युद्धातल्या जीपमध्ये ८ आणि ३९ ची जोडी होती, म्हणजे ४.८८. नंतरच्या नागरी जीपमध्ये ८ आणि ४३, म्हणजे ५.३८. पिनियनचे दाते दोन्हीकडे आठच, त्यामुळे नुसता पिनियन मोजून फसायला होतं. उघडण्याची गरज नाही. जमीन सपाट, बाकीच्या चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, पुढचं एकच चाक जॅकवर. ते चाक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवायचं आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट किती वेळा फिरला ते खडूची खूण करून मोजायचं. दोन फेऱ्या अशासाठी, की दुसरं चाक स्थिर असताना डिफरन्शियलमुळे क्राऊन निम्म्याच वेगाने फिरतो. शाफ्ट पाचाहून थोडा जास्त फिरला तर ४३, पाचाला थोडा कमी पडला तर ३९.

पाचाला कमी पडला. पुढचा एक्सल कधीतरी लष्करी जीपचा बसवलेला होता.

मागची दोनच चाकं ओढत असतील तर याने काहीच बिघडत नाही. पण जीपमध्ये फोर व्हील लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात, मध्ये डिफरन्शियल नाही. मग मागची चाकं दहा फेऱ्या घेऊन साडेबावीस मीटर जातात, तेवढ्यात पुढची जवळजवळ पंचवीस मीटर जायला बघतात. चिखलात टायर घसरून हा हिशेब मिटवतो. कोरड्या डांबरावर तो मिटत नाही, शाफ्ट आणि दात्यांमध्ये पीळ भरत जातो. फोर व्हीलचा लिव्हर कायम अडकायचा, तो गंजलाय म्हणून घरात सगळे त्यावर तेल ओतत होते. तूर्त पुढचा प्रॉपेलर शाफ्ट उतरवून ठेवला आहे आणि पुढच्या एक्सलसाठीही ४३ ची जोडी बघणं चालू आहे.

आता तिसऱ्या जीपचा तो उजवा हाफ शाफ्ट. मला सर्वांत जास्त धास्ती याची होती, आवाज करणाऱ्या क्राऊनची नव्हे.

लष्करी जीपचा मागचा एक्सल फुल फ्लोटिंग होता. गाडीचं वजन हौसिंगवरच्या बेअरिंगवर, शाफ्ट फक्त फिरवायचं काम करतो. तो तुटला तरी चाक जागेवर राहतं. नागरी जीपमध्ये लवकरच सेमी फ्लोटिंग एक्सल आला. यात शाफ्ट वजनही पेलतो आणि चाक धरूनही ठेवतो. बाहेरच्या टोकाशी तुटला, तर चाक ड्रमसकट बाहेर येतं, त्याच्याबरोबर त्या चाकाचा ब्रेकही. “शाफ्टच तर आहे” हे वाक्य पहिल्या एक्सलमध्ये चालतं, दुसऱ्यात नाही.

या शाफ्टचं टोक निमुळतं असतं आणि हब त्यावर नटाने दाबून बसतो. खाचेत लोखंडाची चावी असते, पण जोर मुख्यतः निमुळत्या भागाच्या घर्षणातून जातो. चावी ही राखीव. काकांचा शाफ्ट एका जीपचा, हब दुसऱ्या जीपचा. नट घट्ट बसत होता, हाताला काहीच कळत नव्हतं. हब काढला तर शाफ्टवर तांबूस-तपकिरी पूड. आमच्या विषयात ती पूड म्हणजे ओळखीचा पाहुणा : घट्ट वाटणारे दोन पृष्ठभाग काही मायक्रॉन पुढे-मागे हलत राहिले की निघालेलं लोखंडाचं ऑक्साइड. पुन्हा शेंदूर लावला. ठसा फक्त बाहेरच्या एक तृतीयांश भागात. बाकी सगळं अधांतरी, आणि जोर चावीवर. चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात केसासारखी रेघ दिसली, तेव्हा काका बराच वेळ काही बोलले नाहीत.

शाफ्ट आणि हब, दोन्ही एकमेकांसाठीच बनलेले नवे घेतले. घेताना बाजू बघावी लागते, कारण जीपचा डिफरन्शियल मधोमध नसून उजवीकडे सरकलेला आहे. उजवा शाफ्ट आखूड, डावा लांब. शिवाय दोन शाफ्टची आतली टोकं डिफरन्शियलमधल्या एका ठोकळ्याला टेकतात आणि आतल्या दिशेचा रेटा पलीकडच्या बेअरिंगला देतात. म्हणून एक शाफ्ट बदलला तरी दोन्हींची आत-बाहेर होणारी हालचाल पुन्हा मोजून शिमने बसवावी लागते.

बसवताना निमुळता भाग पूर्ण कोरडा ठेवायचा. ग्रीस नाही, ऑइल नाही, शेंदराचा कणही नाही. इथे घर्षण हवं आहे. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळायचा, पाइपचा तुकडा लावून लटकायचं नाही. कॉटर पिनचं भोक समोर आलं नाही तर नट पुढे आवळून भोक जुळवायचं, कधीही मागे सैल करून नाही. आणि पहिल्या चकरेनंतर पिन काढून टॉर्क परत तपासायचा. पहिल्यांदा तपासला तेव्हा नट अजून पाव आटा पुढे गेला. दुसऱ्यांदा हलला नाही.